चार अधिक दोनचं सरकार

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं. आज सातला उठलो, पण संकल्प उठल्यावर केला, त्यामुळे आजचा दिवस धरायचा नाही.

संकल्प दोन. पहिला, एम.ए. राज्यशास्त्राचा 'संसदीय शासनपद्धती' हा पेपर मे महिन्यात काढणे. दोनदा राहिला. पहिल्या वेळी वेळ पुरला नाही, दुसऱ्या वेळी परीक्षकाचा दृष्टिकोन संकुचित निघाला. दुसरा संकल्प, वाचनालयाची वरची खोली २६ जानेवारीच्या आत अभ्यासिका म्हणून उघडणे. पारोळ्यात पोरापोरींना शांत बसून वाचायला जागा नाही. निवडणुकीत हेच वचन दिलं आणि म्हणूनच आज मी सार्वजनिक वाचनालयाचा अध्यक्ष आहे.

संख्याबळ नोंदवून ठेवतो. संचालक एकूण नऊ. आमचे चार, पंडित आबांचे तीन, अपक्ष दोन. अपक्ष म्हणजे उखर्डू नाना आणि मगन. दोघांनी मला बाहेरून पाठिंबा दिला आहे. नाना तर खरोखरच बाहेर, वाचनालयाच्या ओट्यावर बसून होते. आत आलेच नाहीत. तिथूनच म्हणाले, "भूपा, मी बाहेरथीन तुन्हा मांगे शे." डोळ्यांत पाणी आलं (माझ्या).

आमच्या चारात एक कामिनी आहे, माझी बायको. महिला राखीव जागेवर कोणीतरी लागतं, म्हणून फॉर्मवर तिची सही घेतली. तिने एम.ए.लाही नाव घातलंय, माझ्याच विषयाला. माझा फॉर्म भरताना लिंक उघडी होती म्हणून भरला, असं म्हणते. हौस आहे, असू दे.

३ डिसेंबर

अभ्यासाला सुरुवात. प्रकरण पाचवं, 'अल्पमतातील सरकार'. व्याख्या: ज्या सरकारला सभागृहात स्वतःचं बहुमत नसतं आणि जे इतरांच्या पाठिंब्यावर टिकून असतं, ते. फार रंजक प्रकरण. आपल्याकडे सुदैवाने ही भानगड नाही. आपण चार अधिक दोन.

संध्याकाळी नानांकडे वरच्या खोलीची चावी मागायला गेलो. खोलीत नानांची भरिताची भांडी आहेत: दोन माणसं उचलतील एवढी कढई, पराती, झारे आणि वांगी ठेचायची लाकडी बडगी. गावात कोणाचंही भरीत असो, नानांशिवाय होत नाही. आधीच्या अध्यक्षाने भांडी ठेवू दिली, तेव्हापासून चावी नानांच्या करगोट्याला. नाना म्हणाले, "चावी मन्हापाशीच राही. भांडा ठेवाले जागा कोठे शे?" मग चहा पाजला. चर्चा सकारात्मक झाली.

७ डिसेंबर

पाचला उठलो नाही. थंडी.

मगनचा निरोप आला. नानाला वरची अख्खी खोली आणि मला काय? त्याची मागणी साधी आहे. वाचनालयाचा पेपर रोज सकाळी सर्वांत आधी त्याला मिळावा, शब्दकोडं कोरं असताना. मान्य केली. सरकार चालवायचं तर मित्रपक्षाचा मान ठेवावा लागतो.

नाना आणि मगन यांच्यात बोलणं नाही. कारण कोणालाच माहीत नाही. नानांना विचारलं तर म्हणतात मगनला विचार, मगन म्हणतो नानाला आठवत असेल. पण माझं मॅचिंग सेंटर आहे. अठरा वर्षं मी बायकांच्या साडीला ब्लाउजपीस जुळवून देतोय. दोन माणसं जुळवणं काय अवघड.

१० डिसेंबर. सकाळी ६.४५

मगन वाचनालयात येऊन पेपर घेत नाही, तिथे ओट्यावर नाना असतात. म्हणून मीच पेपर त्याच्या घरी पोचवतो. साडेनऊला परत आणतो. चालणं होतं. डॉक्टरांनीही चालायला सांगितलंच होतं.

१५ डिसेंबर, रविवार

पेपर घेऊन गेलो तर मगन म्हणाला, अध्यक्ष, जरा थांबा, उभे सात, चार अक्षरी, 'डळमळीत'. पाऊण तास थांबलो. आलं नाही. घरी आल्यावर कामिनीने पोळ्या लाटता लाटता सांगितलं, 'अस्थिर'. तीनच अक्षरं, मी ताबडतोब निदर्शनास आणलं. ती म्हणाली मग मला नाही माहीत, आणि खोली कधी उघडणार?

हा प्रश्न तिने या आठवड्यात तिसऱ्यांदा विचारला. टेबल माझं असतं, त्यामुळे ती स्वयंपाकाच्या ओट्यावर पुस्तक उभं करून वाचते. परवा 'द्विगृही कायदेमंडळ' या पानावर फोडणी उडाली. मी समजावलं की धोरणात्मक निर्णयांना वेळ लागतो. ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे पटलं.

२२ डिसेंबर, रविवार

धुळ्याच्या अभ्यासकेंद्राला गृहपाठ द्यायचा आहे. प्रश्न: 'अल्पमतातील सरकारचे तोटे सोदाहरण स्पष्ट करा.' तोटे तोंडपाठ झाले:

सरकारची सगळी शक्ती टिकून राहण्यात खर्च होते. छोट्या घटकाला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त महत्त्व येतं. ठोस निर्णय होत नाहीत. सगळ्यांना खूश करण्याच्या नादात धोरण सपक होतं.

फक्त उदाहरण सुचत नाही. खूप विचार केला. दुकानात गिऱ्हाईक बसलं असताना केला, जेवताना केला. आपल्या आसपास असं काही नाहीच. परदेशातलं एखादं शोधावं लागेल.

(नानांकडे चावीसाठी पाचवी फेरी. शेंगदाण्याची चटणी दिली. चावी नाही.)

३० डिसेंबर

गृहपाठ उदाहरणाविनाच पाठवला. कामिनीनेही पाठवला. अकरा पानांचा. मी म्हटलं अकरा पानं कोण वाचणार? मुद्देसूद लिहायला शिकलं पाहिजे.

१ जानेवारी

रोज पहाटे साडेपाचला उठायचं. पाच हे ध्येय अवास्तव होतं.

१२ जानेवारी, रविवार. धुळ्याहून परतल्यावर

संपर्क सत्र. झुलाल सर शिकवायला. मी पहिल्या बाकावर. सरांनी गृहपाठातलं एक उत्तर नमुना म्हणून वाचून दाखवलं, नाव न सांगता. पूर्ण वर्ग हसून हसून लोळला. त्यात कुठल्याशा तालुक्याच्या गावच्या एका संस्थेचं उदाहरण होतं. तिथल्या अध्यक्षाकडे बहुमत नाही, पण आपलं सरकार भक्कम आहे असं तो धरून चालतो. एका सदस्याचं सामान हलवण्याची त्याला हिंमत होत नाही, आणि दुसऱ्याच्या घरी तो रोज सकाळी स्वतः पेपर पोचवतो!

सर्वांत मोठ्याने मी हसलो. सर माझ्याकडे बघून म्हणाले, भदाणे, तुम्हाला बरंच भावलेलं दिसतंय. मी म्हटलं, सर, अशी माणसं असतात हो. पदाला चिकटून.

पेपर मीही पोचवतो, पण ते सौजन्य. फरक आहे.

परतीच्या एसटीत कामिनीला म्हटलं, कोण असेल गं हा बावळट? यावल-फैजपूरकडचा असावा. ती खिडकीबाहेर बघत होती. बस लागली असेल.

१९ जानेवारी

चावी नाही. नाना म्हणतात, संक्रांत झाली, आता भरिताचा सीझन जोरात, भांडी रोज लागतात, सीझन संपला की बघू. सीझन कधी संपतो विचारलं. म्हणाले, वांगी संपली की.

मगन म्हणतो नानाचं एवढं ऐकता, मग पेपरबरोबर रविवारची पुरवणीपण मलाच. दिली.

वाटेत पंडित आबा भेटले. म्हणाले, "भाऊ, बठ्ठा तुन्हाच शेतस. चिंता करू नको." म्हणजे सगळे माझेच. विरोधी पक्षनेता असून किती मोकळ्या मनाचा माणूस. परिपक्व लोकशाही म्हणतात ती हीच.

२६ जानेवारी. दुपार

झेंडावंदन उत्तम. भाषणात मी जाहीर केलं की अभ्यासिका लवकरच. टाळ्या पडल्या. समोर आठ-दहा मुली वह्या घेऊन उभ्या होत्या. आज उघडणार असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. (मीच. डिसेंबरात.) कामिनी त्यांच्यातच उभी होती, पिशवीत पुस्तकं घेऊन. मुली थोडा वेळ जिन्यापाशी थांबल्या आणि मग गेल्या. कामिनी सर्वांत शेवटी गेली.

वाईट वाटलं. खरंच वाटलं. आता निर्णायक पाऊल उचलायचं. दोन्ही अपक्षांना एकाच पंगतीला बसवायचं आणि भरलेल्या पोटी चावी मागायची. भरीत पार्टी, येत्या रविवारी, आमच्या शेतावर. ज्या माणसाला ही युक्ती सुचली त्याला परीक्षक दोनदा नापास करतो, याला काय म्हणावं.

२९ जानेवारी

पार्टीची पूर्वतयारी. अडचण क्र. १: नाना म्हणतात भरीत मी करीन, माझ्या बडगीत, मिरच्या मी म्हणेन तेवढ्या. अडचण क्र. २: मगन म्हणतो, "नानानी बडगी उनी तर मी जेवाव नही." शिवाय त्याला ॲसिडिटी आहे.

कामिनीचं म्हणणं, नानांना करू द्या त्यांच्या पद्धतीने आणि मगनभाऊंना वेगळं वरण-भात करते मी, त्यात काय? राजकारण इतकं सोपं असतं तर पुस्तकात चारशे पानं कशाला असती. मी तोडगा काढला आहे. दोघांनाही मान्य होईल असा मध्यममार्ग. आत्ता लिहीत नाही, गुप्तता.

२ फेब्रुवारी, रविवार. रात्री

घडलं ते क्रमाने लिहितो.

सकाळी शेतावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली. हिरवी, लांबट, भरिताचीच, बामणोदहून मागवलेली. उत्तम भाजली गेली. नाना लांबून बघत होते, मान डोलावली. मगन दुसऱ्या बांधावर बसला, पण बसला. पंडित आबाही आले. नऊच्या नऊ संचालक हजर. इतकी उपस्थिती एकाही सभेला नव्हती.

मग तोडगा. बडगी नानांची म्हणून मगनला नको. दुसऱ्या कोणाची आणली तर नाना रागावणार. म्हणून तटस्थ साधन. भाजलेली वांगी डब्यात घालून मोटारसायकलवर घरी नेली, मिक्सरमधून काढली, मिरच्या नानांच्या निम्म्या घातल्या आणि अर्ध्या तासात परत आलो.

नानांनी डब्यात पाहिलं. एक घास घेतला. पुरी खाली ठेवली. म्हणाले, "हाई भरीत नही. हाई चटणी शे. आनि तिखटबी नही." उठले, धोतर झटकलं आणि रस्त्याला लागले. पासष्ट वर्षांचं भरीत खाणं आणि मी त्यांच्यापुढे मिक्सर ठेवला, असं म्हणाले जाता जाता.

मगनने दोन घास खाल्ले. त्याला तिखट लागलं. तोही उठला. दोघं बांधावरून एकामागोमाग जाताना दिसले. मग नाना थांबले, मगनने त्यांना गाठलं आणि दोघं बोलत बोलत गेले. एवढ्या वर्षांनी! निदान ते तरी माझ्यामुळे जुळले.

बाकीच्यांनी जेवून घेतलं. पंडित आबांनी दोनदा वाढून घेतलं.

३ फेब्रुवारी

नाना व मगन, दोघांनी पाठिंबा काढला. एकाच कागदावर सह्या. कागद पंडित आबांच्या पोराने आणून दिला. सोबत अविश्वास ठरावाची नोटीस. सभा १६ तारखेला.

घाबरायचं कारण नाही. आजपासून 'काळजीवाहू अध्यक्ष' अशी सही करतो आहे.

६ फेब्रुवारी

जळगावला जाऊन आलो. अध्यक्षाला मंडळ बरखास्त करता येतं का हे विचारायला एका जाणकाराकडे गेलो होतो. पंतप्रधान लोकसभा विसर्जित करण्याची शिफारस करू शकतो, प्रकरण तिसरं. त्यांनी विचारलं, तुमच्या वाचनालयाची नियमावली वाचली का? मी म्हटलं भारताची राज्यघटना वाचली आहे. त्यांनी माझ्याच पिशवीतून नियमावली काढून पान सात उघडलं. साध्या बहुमताने अध्यक्ष बदलता येतो. बरखास्तीचा शब्दही नाही. पुस्तिका फारच घाईत लिहिलेली आहे.

येताना नशिराबादच्या पुढे जाम. मला पारोळ्याकडे जायचं होतं, म्हणजे उलट्या दिशेने. झोप लागली म्हणून चुकीच्या बसमध्ये बसल्याचं लक्षात आलं नाही. तीन तास गेले. 'निर्णयप्रक्रियेतील विलंब' हा मुद्दा बसमध्येच पाठ झाला.

१४ फेब्रुवारी

आमच्या चौघांना पक्षादेश काढला. ठरावाच्या विरोधात मत द्यायचं, नाहीतर शिस्तभंग. दोघांनी व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवला. कामिनीला लेखी दिला, स्वयंपाकघरात, रीतसर. तिने मागच्या बाजूवर किराण्याची यादी लिहिली. म्हणजे जपून ठेवणार.

१६ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी

सभा झाली. मी वीस मिनिटं बोललो. स्थैर्याचं महत्त्व, संकेतांचं महत्त्व. शेवटी अभ्यासिकेवर आलो तेव्हा आवाज भरून आला, आणि तो खोटा नव्हता.

हात वर झाले. पंडित आबांचे तीन. नाना. मगन. पाच.

मग सहावा.

मी तिला म्हटलं, कामिनी, अगं, हा ठराव माझ्या विरोधात आहे, हात खाली घे. तिने घेतला नाही. सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाली, "मला माहितीय. मला खोली पाहिजे होती. अडीच महिने मागतेय."

सभागृहात कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग नवा अध्यक्ष. पंडित आबांनी स्वतःचं नाव सुचवलं. नाना म्हणाले नाही. मगन म्हणाला नानाच्या मताशी मी सहमत (!). अर्धा तास घोळ. शेवटी नानांनीच कामिनीचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. बिनविरोध. मीही हात वर केला. पक्षशिस्त.

१७ फेब्रुवारी

दुपारी हातगाडी दारात. नाना, मगन आणि भांडी. काल रात्री कामिनीने नानांना सांगितलं, नाना, भांडी आमच्याकडे ठेवते, लागतील तेव्हा न्या, घर तुमचंच आहे. नानांनी लगेच करगोट्याची चावी सोडून दिली. एवढंच. हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

कढई ठेवायला जागा एकच निघाली, माझं टेबल. टेबल रिकामं करताना माझ्या वह्यांखाली तिचा गृहपाठ सापडला, धुळ्याहून तपासून आलेला. अकरा पानं. नववं पान उघडलं गेलं. 'अध्यक्ष रोज सकाळी पावणेसातला स्वतः वर्तमानपत्र...'

उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. झुलाल सरांनी समासात लाल शाईने लिहिलंय: 'उदाहरण अगदी जिवंत. अभिनंदन.'

शेवटचा परिच्छेद वर्गात वाचला नव्हता. तो असा: 'अध्यक्ष माणूस वाईट नाही. खोली उघडावी असं त्याला मनापासून वाटतं. पण त्याचा सगळा दिवस खुर्ची सांभाळण्यात जातो आणि संध्याकाळी खोली बंदच असते. त्या खोलीची वाट बघणारी एक बाई त्याच्याच घरात, ओट्यापाशी उभी राहून वाचते. त्याने एकदाही मागे वळून पाहिलेलं नाही.'

आज जास्त लिहवत नाही.

२० फेब्रुवारी

अभ्यासिका उघडली. बावीस खुर्च्या. बावीसही भरल्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर अध्यक्षा, पायाशी पुस्तकांची पिशवी. बाहेर जिन्यापर्यंत पानं उलटल्याचा आवाज येत होता.

पावणेसातला पेपर घेऊन मगनकडे गेलो. म्हणाला, आता गरज नाही, मी तिथेच येतो, नानासोबत. कोडं दोघं मिळून सोडवतात.

१८ मे. धुळे

पेपर झाला. प्रश्न दुसरा: 'अल्पमतातील सरकारचे तोटे सोदाहरण स्पष्ट करा.' याच क्षणासाठी माझा जन्म झाला होता! उदाहरण सुचायचा प्रश्नच नव्हता. चावी लिहिली, शब्दकोडं लिहिलं, मिक्सर लिहिला, सहावा हात लिहिला. तीन पुरवण्या घेतल्या. पर्यवेक्षक दोनदा डोकावून गेले. विषयाची एवढी खोल समज असलेलं उत्तर त्यांच्या पाहण्यात आलं नसणार.

घंटा झाली तेव्हा बाकीचे चार प्रश्न राहिले होते.

१९ जुलै

निकाल. कामिनीला प्रथम श्रेणी. माझा तो पेपर परत राहिला. त्या एका प्रश्नाचे सोळापैकी सोळा मिळाले असते तरी सोळाच.

ऑक्टोबरात नक्की. रोज सहाला उठायचं. टेबलावर कढई असल्यामुळे अभ्यासिकेत जागेसाठी अर्ज केला. प्रतीक्षा यादीत सातवा आहे. घरी जेवताना अध्यक्षांना विचारलं, जरा वर सरकवता येईल का. म्हणाल्या, अहो, सहा जणी आधीच्या आहेत. पोळी मात्र गरम वाढली.

संध्याकाळी पुस्तक घेऊन वाचनालयाच्या ओट्यावर बसलो. तिथे दिव्याचा उजेड बरा येतो. नाना मगनबरोबर आत चालले होते, थांबले आणि मलाही आत बोलावू लागले. म्हणाले, "भूपा, आठे का बठना? मझार ये ना."

म्हटलं, नको नाना. सध्या बाहेरूनच.